क्रेटा की ग्रँड विटारा? आधी जुन्या गाडीचं मीटर बघा

रविवारी सकाळी आतेबहिणीचा फोन आला. मागे भाऊजींचा आवाज, आणि त्याहून मोठा टीव्हीवर गाड्या दाखवणाऱ्या कुणा यूट्यूबवाल्याचा. "दादा, एका शब्दात सांग. क्रेटा घेऊ की ग्रँड विटारा?"

सांगितलं असतं एका शब्दात, पण तो शब्द चुकला असता तर पुढची दहा वर्षं प्रत्येक भाऊबीजेला ऐकून घ्यावं लागलं असतं. म्हणून उलट विचारलं, "आत्ताच्या वॅगनआरचं मीटर किती झालंय?"

"त्याचा काय संबंध? ती तर विकायचीय."

"खाली जाऊन बघून ये. आणि येताना पार्किंगची पट्टी टेपने मोजून आण."

ती वैतागली, पण गेली. ती वर येईपर्यंत या दोन गाड्यांत खरा फरक कुठे आहे ते सांगतो. ब्रोशर समोरासमोर ठेवलं तर फरक सापडत नाही. क्रेटा 4,330 मिलिमीटर लांब, ग्रँड विटारा 4,345. फरक बोटाच्या एका पेराइतकाही नाही. रुंदी 1,790 आणि 1,795. दोन चाकांमधलं अंतर 2,610 आणि 2,600. वरच्या प्रकारांत टायरचं मापसुद्धा एकच, 215/60 आर 17. दोन्ही चार मीटरपेक्षा लांब, त्यामुळे सप्टेंबर 2025 पासून दोन्हींवर जीएसटी सारखाच, 40 टक्के. बाहेरून बघून निवड करायची तर मग रंगावरच करावी लागेल, आणि बरेच लोक तेच करतात.

फरक आहे तो बॉनेटखाली आणि डिकीच्या तळाखाली.

हायब्रिड हा एक शब्द, गाड्या मात्र दोन

मारुतीची ग्रँड विटारा सप्टेंबर 2022 मध्ये बाजारात आली. ती आणि टोयोटाची हायरायडर या सख्ख्या बहिणी, दोघींचं माहेर बंगळुरूजवळच्या बिडदीचा टोयोटाचा कारखाना. म्हणजे या लेखात जिथे ग्रँड विटारा म्हटलंय तिथे बहुतेक ठिकाणी हायरायडर वाचलं तरी चालेल.

ती दोन तऱ्हांच्या हायब्रिडमध्ये मिळते, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेची जोड. पहिली फसगत इथेच होते. 'स्मार्ट हायब्रिड' नावाने मिळते ती सौम्य हायब्रिड. तिच्यात 103 पीएस ताकदीचं साधं दीड लिटर पेट्रोल इंजिन असतं आणि सोबत एक छोटा मदतनीस, जो इंजिन पटकन चालू करतो आणि निघताना जरासा रेटा देतो. नुसत्या विजेवर ती गाडी एक फूटही सरकत नाही. 'स्ट्राँग हायब्रिड' वेगळी. तिच्यात विजेची मोटर गाडी एकट्याने ओढू शकते. शोरूममध्ये दोन्हींना 'सर, हायब्रिडच आहे' असंच म्हणतात, आणि ते खोटंही नसतं. तेवढ्या एका शब्दावर तुमचं पेट्रोलचं गणित मात्र निम्म्याने बदलतं.

स्ट्राँग हायब्रिड काय करते हे समजायला चांदणी चौकातून हिंजवडीकडे निघालेली कुठलीही गाडी घ्या. सकाळचे सव्वानऊ. गाडी वीस फूट पुढे जाते, थांबते, तीस सेकंद उभी राहते, पुन्हा दहा फूट. साध्या पेट्रोल गाडीत त्या तीस सेकंदांत इंजिन चालूच असतं, एसीही त्याच्याच जिवावर. पेट्रोल जळतंय, किलोमीटर शून्य. मग निघताना दीड टन वजन हलवायला भरपूर पेट्रोल खर्च करायचं आणि दहा फुटांवर ब्रेक मारून ती सगळी मेहनत ब्रेकच्या चकत्या तापवण्यात घालवायची. हेच चक्र एका फेरीत शंभर-दीडशे वेळा.

स्ट्राँग हायब्रिड उभी असते तेव्हा इंजिन बंद असतं, एसी बॅटरीवर चालतो. हळू सरकताना मोटर ओढते. ब्रेक मारला की तीच मोटर उलटी होऊन जनित्र बनते आणि वाया जाणाऱ्या वेगातली बरीचशी ताकद बॅटरीत परत भरते. भाजी धुतलेलं पाणी कुंडीत ओतणारी गृहिणी असते ना, तसा प्रकार. बॅटरी अगदी लहान असते, एक युनिटसुद्धा वीज मावत नाही तिच्यात. पण तिला साठवण करायचीच नसते. आत्ता ब्रेक मारला, आत्ता वापरलं, असं तिचं हातावर पोट. चार्जरला जोडायची भानगड नाही.

इंजिनही वेगळ्या स्वभावाचं. तीन सिलिंडरचं, ॲटकिन्सन पद्धतीचं. यात हवा आत घेणारी झडप जरा उशिरा बंद होते, त्यामुळे आत आलेली थोडी हवा परत जाते. इंजिन कमी खातं, पण जे खाल्लं त्यातली ताकद शेवटच्या थेंबापर्यंत पिळून काढतं. मोबदल्यात जोर कमी पडतो, एकट्याने जेमतेम 92 पीएस. ती उणीव मोटर भरून काढते आणि दोघं मिळून 116 पीएसपर्यंत जातात.

गिअरबॉक्सबद्दलही एक गैरसमज मोडून काढायला हवा. ब्रोशरमध्ये 'ई-सीव्हीटी' लिहिलेलं वाचून लोक म्हणतात, "म्हणजे पट्टेवाली सीव्हीटी, टिकायची नाही." (सीव्हीटी म्हणजे गिअरच्या पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स.) ई-सीव्हीटीत पट्टा नसतोच, आणि क्लचही नसतो. मध्ये एक दातेरी चाक, त्याभोवती फिरणारी छोटी चाकं आणि बाहेरून एक कडं, अशी सूर्यमालेसारखी रचना. एका टोकाला जनित्र, एकाला इंजिन आणि एकाला मोटर व चाकं. कुणी किती वेगाने फिरायचं याचा हिशेब संगणक ठेवतो. डिसेंबर 1997 मध्ये जपानात विकायला आलेल्या प्रियसपासून टोयोटा हीच कल्पना घासूनपुसून वापरतेय. गाडीतल्या झिजणाऱ्या वस्तूंची यादी केली तर यात त्या कमीच निघतात. बॅटरीवर 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची हमी आहे, ती विकत घेणाऱ्याने लेखी बघून घ्यावी.

आता घाट. छोटी बॅटरी लांब चढणीवर रिकामी होत जाते आणि पुढची ओझी त्या तीन सिलिंडरच्या इंजिनावर येतात. पाच माणसं, मागे सामान, एसी चालू, आणि खंबाटकीच्या चढाला पाय दाबला की इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मागून, सावकाश, त्या आवाजाच्या मानाने जरा कमीच पुढे येते. गाडी चढते, कुठे अडत नाही. पण पुढचा ट्रक मागे टाकायचा तर दोनदा विचार करायला लावते. उतारावर उलट: बॅटरी काही किलोमीटरांतच काठोकाठ भरते, मग आणखी वीज ठेवायला जागा नसते. अशा वेळी गिअर 'बी' वर टाकायचा. मग इंजिन ओढ देऊन गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. शहरातले बरेच हायब्रिडवाले या 'बी'ला कधी हातच लावत नाहीत, तो 'ब्रेक'चा आहे हेही कित्येकांना ठाऊक नसतं.

क्रेटा म्हणजे एक गाडी नाही, तीन

ह्युंदाईची क्रेटा भारतात 2015 पासून आहे. आत्ताचं रूप जानेवारी 2024 चं. तिची तीन इंजिनं, तिघांचे स्वभाव इतके वेगळे की 'क्रेटा कशी आहे' या प्रश्नाला अर्थच नाही.

साधं दीड लिटर पेट्रोल, 115 पीएस. मऊ, शांत, निवांत माणसासाठी. ऑटोमॅटिक घेतलं तर त्याला पट्टेवाली सीव्हीटी येते, ह्युंदाई तिला आयव्हीटी म्हणते. पाय हलका असेल तर लोण्यासारखी. शहरात पेट्रोल मात्र पिते.

टर्बो पेट्रोल, 160 पीएस, सोबत डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. रिकाम्या रस्त्यावर मजा आणते, ट्रक कधी मागे पडला ते कळत नाही. पण डीसीटीत आतून खरोखरचे क्लचच असतात. बंपरला बंपर लागलेल्या रहदारीत ब्रेक अर्धवट सोडून गाडी रांगवत नेली की ते क्लच घासत राहतात आणि तापतात. पुढच्या गाडीने गाडीभर जागा सोडली की मगच हलायचं, नाहीतर ब्रेक दाबून उभं राहायचं, ही सवय लागली तर ठीक. पुण्यात गाडीभर जागा सोडली तर त्यात तीन स्कूटर शिरतात, तो भाग वेगळा.

डिझेल, 116 पीएस. पीएस पेट्रोलएवढाच दिसतो, पण खरा आकडा टॉर्कचा. पीएस म्हणजे शेवटी किती पळेल, टॉर्क म्हणजे हातगाडी चढावर ढकलायला खांद्यात किती जोर आहे. साध्या पेट्रोलचा टॉर्क 144 न्यूटन मीटर, तोही इंजिन मिनिटाला 4,500 फेऱ्यांपर्यंत ओरडल्यावर. डिझेलचा 250, आणि 1,500 फेऱ्यांपासूनच. घाटात पाच माणसांनिशी जाणाऱ्याला हा फरक पहिल्याच वळणावर कळतो. ग्रँड विटाऱ्यात डिझेल मिळतच नाही, मारुतीने एप्रिल 2020 मध्ये डिझेलला रामराम केला.

तरीही रोजच्या छोट्या फेऱ्यांसाठी डिझेल घेऊ नका, असं मी ओरडून सांगतो. बीएस-6 या प्रदूषण नियमांतल्या डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ही गाळणी साठलेली काजळी स्वतःच जाळून टाकते, पण त्यासाठी ती चांगली तापावी लागते, म्हणजे महामार्गावर पंधरा-वीस मिनिटं सलग पळावं लागतं. मुलांना शाळेत सोडा, मंडईत जा, परत या, असं तीन-तीन किलोमीटरचं आयुष्य असेल तर ती कधीच तापत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि कधीकधी गाडी वर्कशॉपला न्यावी लागते. माझ्या शेजाऱ्यांच्या डिझेल गाडीचं हेच झालं. आता ते दर पंधरवड्याला 'गाडीला फिरवायला' लोणावळ्याला जातात, आणि आम्हाला चिक्की मिळते. शिवाय महाराष्ट्रात डिझेल गाडीचा एकरकमी रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा 2 टक्के जास्त आहे, तोही हिशेबात धरा.

मीटर आलं

बहीण वर आली. "एकसष्ट हजार."

"किती वर्षांत?"

"नऊ."

फोनवर शांतता. कारण तासाभरापूर्वी भाऊजींनी मला छातीठोकपणे सांगितलं होतं, "आपलं वर्षाला पंधरा हजार तरी होतं रे." 61,000 भागिले 9, म्हणजे वर्षाला 6,800 किलोमीटरही नाहीत. भाऊजी खोटं बोलत नव्हते. चांदणी चौकात तासभर अडकलेल्या माणसाला आपण फार लांब गेलो असंच वाटतं.

मायलेजचा जो आकडा ब्रोशरमध्ये असतो, स्ट्राँग हायब्रिडचा 27.97 किंवा क्रेटा आयव्हीटीचा 17.7, तो एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या पुण्यातल्या संस्थेच्या चाचणीचा. भाऊजी ज्या टेकडीवर रोज फिरायला जातात ती एआरएआयची टेकडी, तीच संस्था. चाचणीत गाडी रोलरवर, ठरलेल्या वेगांच्या चाकोरीत चालते. तिथे खड्डा नसतो आणि उलट दिशेने येणारा टँकरही नसतो. दोन गाड्यांची आपसांत तुलना करायला तो आकडा ठीक, घरखर्च मांडायला नाही.

म्हणून मी ओळखीतल्या लोकांनी टाकी ते टाकी मोजलेले आकडे घेतो. टाकी ते टाकी म्हणजे पंपावर पहिल्या कटपर्यंत भरायचं, मीटर शून्य करायचं, आठवडाभर चालवून पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरायचं आणि किलोमीटरला लिटरने भागायचं. डॅशबोर्डवरचा आकडा नेहमी जरा खूश करणारा असतो. शहरातल्या रहदारीत पेट्रोल ऑटोमॅटिकला 11 आणि स्ट्राँग हायब्रिडला 21 धरू. पेट्रोल लिटरला 105 रुपये.

वर्षाला 7,000 किलोमीटर: एकीला 636 लिटर, दुसरीला 333. वाचले 303 लिटर, म्हणजे साधारण 32,000 रुपये. समजा सारख्या सोयींच्या दोन प्रकारांत ऑन-रोड दोन लाखांचा फरक पडतोय. (तुमचा फरक तुमच्या कोटेशनवरून काढा, विमा आणि कर धरून.) मग वसुलीला सहा वर्षं. आणि तेच दोन लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला 14,000 व्याज आलं असतं. ते वजा केलं की खरी बचत 18,000, वसुली अकरा वर्षांनी. गाडी विकताना फरकातले थोडे पैसे परत मिळतील हे खरं, पण त्याचा भरवसा आज कोण देणार?

आता माझा मित्र घ्या. राहतो हडपसरला, नोकरी चाकणला, वर्षाला वीस हजार किलोमीटर, बहुतेक रहदारीतले. त्याची बचत 900 लिटरच्या आसपास, वर्षाला 90,000 रुपये. दोन-अडीच वर्षांत गाडीने फरक फेडला. त्याच्यासाठी उत्तर डोळे झाकून स्ट्राँग हायब्रिड.

तिसरा प्रकार असतो, ज्याचे किलोमीटर भरपूर पण सगळे महामार्गावरचे. पुणे-कोल्हापूर, पुणे-नाशिक. तिथे ब्रेक कमी, म्हणजे परत मिळवायची ताकदही कमी. पेट्रोल ऑटोमॅटिकही 15-16 देते आणि हायब्रिडची आघाडी आटते. तिथे डिझेलचा विचार करा, त्या माणसाची गाळणी आपोआप साफ होत राहील. एकूण किलोमीटरांइतकंच, तुम्ही त्यांत किती वेळा थांबता यावरही हायब्रिडचा फायदा ठरतो.

मागची सीट, डिकी आणि खांब क्रमांक चार

पार्किंगची पट्टी निघाली साडेचार मीटर लांब, 2.3 मीटर रुंद, आणि डाव्या बाजूला खांब. लांबीत पंधरा-सतरा सेंटिमीटर उरतात. रुंदीत एकूण पन्नास. वॅगनआर लावून उजवीकडून सहज उतरणाऱ्या माणसाला आता पोट आत ओढून उतरावं लागणार. दोन्ही गाड्यांत तेच, त्यामुळे निवडीत फरक नाही, पण बुकिंगआधी ठाऊक असलेलं बरं. आमच्या सोसायटीत एकाने सात सीटची गाडी घेतली, तिचं नाक आता दोन वर्षं रस्त्यावर आहे आणि त्यावरून तीन सभा झाल्या.

डिकीत मात्र खरा फरक आहे. क्रेटाची 433 लिटर. स्ट्राँग हायब्रिडमध्ये बॅटरी डिकीच्या तळाखाली बसते, त्यामुळे तळ उंचावतो आणि जागा अडीचशे-पावणेतीनशे लिटरच्या घरात येते. लिटरात कुणाला काही कळत नाही, म्हणून असं सांगतो: क्रेटात दोन मोठ्या सुटकेस आडव्या आणि वर हातातल्या पिशव्या. हायब्रिडमध्ये एक मोठी सुटकेस, बाजूला कोंबलेल्या मऊ बॅगा. मे महिन्यात रत्नागिरीहून येताना आंब्याच्या दोन पेट्या कुठे ठेवायच्या, हा वाद गाडीतल्या गाडीत होणार. सुटकेसऐवजी कापडी बॅगा वापरणाऱ्या घरात हा त्रास निम्मा होतो. शोरूमला जाताना घरातली सर्वांत मोठी बॅग सोबत न्या. सेल्समन हसेल, हसू द्या.

मागच्या सीटवर कोण बसणार, तेही सोबत न्या. बहिणीच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांच्यासाठी प्रश्न सीटच्या उंचीचा. सेडानमध्ये खाली बसावं लागतं, मोठ्या एसयूव्हीत वर चढावं लागतं, या मापाच्या गाड्यांत माणूस सरळ मागे टेकून बसतो आणि पाय आत घेतो. आम्ही दोन्हींत त्यांना बसवून बघितलं, साडी नेसून, हातात पर्स घेऊन, नेहमी बसतात तसं. ग्रँड विटाऱ्यात त्या म्हणाल्या, "छप्पर जरा डोक्याशी येतंय." त्या काचेच्या मोठ्या छतामुळे मागे डोक्यावरची जागा थोडी कमी होते, उंच माणसाला आणखी जाणवते. क्रेटात मधे तिसरं माणूस जास्त मोकळं बसतं. त्याच दिवशी त्यांनी दार ओढून लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं आणि म्हणाल्या, "आवाज दोन्हींचा पातळच आहे." यावर मी काही बोललो नाही.

सुरक्षेचं थोडक्यात. तारे मोजताना तारीख आणि प्रकार बघा. 2022 मध्ये ग्लोबल एनकॅप या धडक-चाचणी घेऊन तारे देणाऱ्या संस्थेने तपासलेल्या जुन्या क्रेटाला 3 तारे मिळाले होते. ती दोन एअरबॅगची होती, आताची सहा एअरबॅगची. जुने तारे नव्या गाडीला लावू नका, आणि तिसऱ्याच मॉडेलचे तर मुळीच नको. बुकिंगच्या आठवड्यात भारत एनकॅपच्या, म्हणजे आपल्याकडच्या तशाच चाचणीच्या, यादीत नेमकं तेच मॉडेल शोधा. क्रेटाच्या वरच्या प्रकारांत कॅमेरा आणि रडारवर चालणारी मदतयंत्रणा येते. समोर कुणी अचानक आडवं आलं तर ती ब्रेक लावते, हे कामाचं. पण पट्ट्या ओळखून गाडी लेनमध्ये ठेवायचा भाग कर्वे रस्त्यावर काय करेल, तिथे पट्ट्याच शोधाव्या लागतात.

टेस्ट ड्राइव्हचा एक अनुभव. एका शोरूमने आम्हाला सरळ, रिकाम्या रस्त्यावर दीड किलोमीटर नेऊन परत आणलं. गाडी छान वाटली. कुठलीही गाडी तिथे छानच वाटते. दुसऱ्या दिवशी आम्ही आग्रह धरून संध्याकाळी सहा वाजता, पाच माणसं बसवून, एसी चालू ठेवून, पौड रस्त्याच्या गर्दीतून आणि सोसायटीच्या चढावरून गाडी नेली, आणि शेवटी त्या खांबाशेजारी उलटी लावून बघितली. चाळीस मिनिटं लागली. सेल्समन घामाघूम झाला, पण खांब क्रमांक चारला गाडी लागते हे त्या दिवशी कळलं.

भाऊजींनी शेवटी साध्या पेट्रोलची क्रेटा बुक केली, ऑटोमॅटिक. वर्षाला 6,800 किलोमीटर, आठवड्यातून तीनच दिवस ऑफिस, सासूबाईंचं डोकं आणि आंब्याच्या पेट्या, असा सगळा हिशेब झाल्यावर. मोजणीचा पहिला आकडा गेल्या आठवड्यात आला: 10.8. त्यांनी व्हॉट्सॲपवर पंपाच्या पावतीचा फोटो पाठवला, खाली एकच वाक्य, "तू अकरा म्हणाला होतास."